अभिमनचा टाक

नाव कमावल्याशिवाय तोंड दाखवणार नाही, पत्रही टाकणार नाही, असं म्हणून अभिमन पारोळ्याजवळच्या आपल्या गावातून सुरतेला गेला. बारा वर्षांनी, त्र्याण्णवच्या धुळवडीला, गिरणीत फोरमन झालेला अभिमन आईसाठी लुगडं घेऊन एसटीतून उतरला, तेव्हा गावात त्याच्याच नावाचा जयघोष चालू होता.

घरातला तरणा पोरगा लग्नाआधी वारला की त्याचा वीर, म्हणजे घरचा देव, होतो, आणि धुळवडीला त्याची प्रतिमा ठसवलेला चांदीचा टाक वाजतगाजत मिरवतात. पत्र नाही, पत्ता नाही, म्हणून घरच्यांनी अभिमनचाही टाक घडवला होता. तो हातात धरून धाकटा भाऊ वना घुमत होता. दोघा भावांचं आठ एकर वावर आता वना एकटाच कसत होता.

वनाच्या अंगात वीर आला, तशी डोळ्यांनी अधू झालेली त्यांची आई भागाबाई धाकट्याच्याच पाया पडली. "अभिमन, खरं सांग रे भाऊ, तू जिता शे ना?"

गर्दीतून पुढे येणारा अभिमन वनाला दिसला. त्याने भावाला ओळखलं. त्याचे पाय जागीच थांबले, डफ मात्र वाजत राहिला. मग अभिमनच्या डोळ्यांत बघत तो आईला म्हणाला,



"नही माय. मी कधीच मरी गयेल शे."