कौसाबाईचा पेंढा

"वयनी, त्या पावडरवालीचं विष माज्या म्हशीच्या तोंडाला लागलं, तं याद राख!" चंदर कुडापलीकडून ओरडला.

"मर मेल्या!" कौसाबाईने इकडून उत्तर दिलं. हात मात्र थांबले नाहीत. कोमट पाण्यात कालवलेली पावडर ती पेंढ्यावर शिंपडत होती, वरखाली करत होती. मग तिने ढीग प्लास्टिकने झाकला. संध्याकाळपर्यंत मुरायला हवा.

जिज्ञासाने ओठ आवळले. बारवी धरणाकडच्या या पाड्यावर ती कात्रपहून स्कूटीने यायची, एन्झाइमची पाकिटं वाटायला. त्याने पेंढ्याचा चिवटपणा मोडतो, जनावराला पचतो, दूध वाढतं. पण पावडरीने म्हशी आटतात अशी बोंब चंदरने पाडाभर मारली होती. अकरा घरांनी पाकिटं परत केली. राहिली एकटी कौसाबाई, त्याचीच विधवा भावजय.

पाच वर्षं दोघांत विस्तव जात नव्हता. वाटणीत ताटवाटीपर्यंत सगळ्याचे दोन भाग झाले. ज्याचे होत नव्हते, त्यावरून हाणामारी झाली. घराच्या आणि गोठ्याच्या मधोमध कामट्यांचा कूड उभा राहिला.

"दूध किती, मावशी?" जिज्ञासाने वही काढली.

"साडेपाच लिटर. आदी चार होतं."

"साडेपाच तं माजी म्हैस देते! नुसत्या पेंढ्यावर!" पलीकडून आवाज आला.

जिज्ञासाचं डोकं फिरलं. कुडाला कान लावून आकडे चोरतो हा माणूस! "काका, खोटं बोलायला लाज नाही वाटत?"

"तू निघ गो हितून! परत दिसलीस तं गाडी धरणात टाकीन!"

ती कौसाबाईकडे वळली. "मावशी, मला म्हशीचा फोटो हवा. ऑफिस म्हणतं, जनावर दाखवा नाहीतर पाडा सोडा."

"रानात गेलीय चरायला," कौसाबाई म्हणाली. "पुडल्या खेपेला काढ."

दर खेपेला हेच. म्हणून गुरुवारी जिज्ञासा न कळवता आली, तीही संध्याकाळी, धारेच्या वेळेला. चंदरच्या दारावरून गाडी ढकलत नेली आणि सरळ कौसाबाईच्या गोठ्यात शिरली.

गोठा सारवून लख्ख होता. खुंटा नाही, दावं नाही, शेणाचा पो नाही. कौसाबाई पेंढ्याची पाटी घेऊन कुडाशी बसली होती. तिथल्या चार कामट्या काढलेल्या होत्या.

"मावशी, म्हैस कुठंय?"

कौसाबाईने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

पलीकडे दावं सुटल्याचा आवाज झाला. फटीतून एक काळं, ओलं नाक आत आलं आणि पेंढ्यात बुडालं.

"वयनी, तुजा काडीभर पेंढा जरी माज्या गोठ्यात आला, तं पाय तोडीन!" चंदर सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं गरजला, आणि शिंगं कामट्यांना अडकू नयेत म्हणून दोन्ही हातांनी सांभाळत म्हशीची मान आणखी पुढे सारली.