शैलाताईंची स्क्रिप्ट

"माझं डोकं कुठाय?" लतिकाबाईंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. संगणकाच्या पडद्यावर अल्बमचं पान उघडलेलं होतं. वर गुलाबी रिबीन, कोपऱ्यात दोन रंगीत बटणं, मध्ये लंबगोल चौकट. चौकटीत पाच महिन्यांची इशिता होती, तिला धरलेले हात होते, बांगड्या होत्या, साडीवरचा स्वेटरही होता. गळ्यापासून वर मात्र थेट रिबीन सुरू होत होती.

शैलाताईंनी पुढचं पान काढलं. तिथंही तेच. त्याच्या पुढच्यावरही तेच. त्यांच्या स्वतःच्या पानांवर मात्र कपाळ, चष्मा, हसू, सगळं जिथल्या तिथं.

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या त्या घरात हा आठवडा चार्ज देण्याघेण्याचा होता. सुनेची, म्हणजे रुचाची आई शैलाताई बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या होत्या. त्यांचे सहा महिने भरले होते आणि शनिवारी विमान होतं. मुलाची, म्हणजे अनुपची आई लतिकाबाई पुढच्या सहा महिन्यांसाठी नागपूरहून येऊन दाखल झाल्या होत्या. रुचा आणि अनुप दोघंही नोकरीवाले, त्यामुळे आज्यांच्या पाळ्या तिकिटं काढतानाच ठरलेल्या. तेल कुठलं, पाणी किती गरम, ढेकर कसा काढायचा, हे सगळं शैलाताईंनी पहिल्या दोन दिवसांतच सोपवून टाकलं. पोरगी तेवढी सोपवली जात नव्हती. लतिकाबाईंनी घेतलं की ती ओठ काढायची आणि शैलाताईंकडे झेपावायची. "असं नाही करायचं हं," असं म्हणत शैलाताई तिला घ्यायच्या. म्हणायच्या रागावून, पण चेहरा काही रागावलेला नसायचा.

अल्बम शैलाताईंचा. लायब्ररीतल्या फुकट वर्गाला जाऊन त्या फोटोंची अशी सजवलेली पानं करायला शिकल्या होत्या. पुढच्या खेपेला येऊ तेव्हा पोरीनं परक्या बाईकडे बघावं तसं बघू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. शेवटच्या तासाला वर्गाच्या बाईंनी स्क्रिप्ट शिकवली. एका फोटोवर कापाकापी, चौकट, रिबीन असं सगळं एकदा करून दाखवायचं. सॉफ्टवेअर ते लक्षात ठेवतं आणि बाकीच्या फोटोंवर आपलं आपण करत सुटतं. शैलाताईंनी करून दाखवलं ते स्वतःच्या फोटोवर. त्या बुटक्या. लतिकाबाई चांगल्या उंच.

अनुप घरापुढच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसून आत आला. बूट काढतोय तोच आईनं गाठलं.

"ये, पाह्य. तुह्या सासूबाईनं माझं मुंडकं उडवलं."

अनुपनं वाकून पाहिलं. "अगं आई, ती स्क्रिप्ट आहे. तिला काय माहीत कोण कोण आहे ते? एकच क्रॉप सगळ्यांना लागला. बग आहे, बस."

"बग कोणाचा?"

अनुपनं सासूकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि बूट परत चढवले. "ड्राइव्हवे राहिलाय थोडा," म्हणाला आणि गेला. ड्राइव्हवे लख्ख होता.

"मी मुद्दाम नाही हो केलं, विहीणबाई," शैलाताई म्हणाल्या.

"मुद्दाम केलं असं कुठं म्हणते जी मी? पण तुमच्या नजरेस नाही पडलं?"

शैलाताईंना सहज नाही म्हणता आलं असतं. पण खोटं बोलायचं तर ते तयारीनं बोलावं, अशा त्या बाई. तयारी नव्हती.

"पडलं. सकाळीच पडलं."

"मग?"

"मग म्हटलं, असू दे. तुम्ही काय, इथंच असणार. ती उठेल तेव्हा तुम्ही समोर, झोपेल तेव्हा तुम्ही समोर. तुमचा फोटो कशाला लागतोय तिला?"

लतिकाबाई मागं वळल्या. त्यांनी पाळण्यातून इशिताला उचललं. इशितानं ठरल्याप्रमाणे ओठ काढला.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी इथंच असणार. रुचा-अनुप सकाळी जातील ते अंधार पडल्यावर येतील. मग शनिवारनंतर हा अल्बम हिला रोज दाखवणार कोण?"

शैलाताईंचा माऊसवरचा हात थांबला. इतका विचार करून आखलेल्या बेतात एवढी मोठी गोष्ट राहून गेली होती, आणि ती समोर स्वेटर घालून उभी होती.

लतिकाबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी पोरीचं तोंड पडद्याकडे केलं, शैलाताईंच्या हातातून माऊस घेतला आणि मागचं एक पान काढलं.

"ही कोण, बाई? ही पुण्याची आजी. न्हाऊमाखू घालणारी. लय हुशार आहे, कॉम्प्युटर शिकली." मग पुढचं पान. "आन् ही कोण? काय माहीत बाप्पा. हिला तर तोंडच नाही."

इशिता रडायचं विसरून पडद्याकडे बघत होती.

"द्या इकडे," शैलाताईंनी माऊस परत घेतला. लतिकाबाईंचा पहिला मूळ फोटो उघडला. स्क्रिप्टच्या बटणाकडे त्या गेल्याच नाहीत. लंबगोल धरला आणि हातानं वर सरकवू लागल्या. हनुवटी आली. नाक आलं.

"अजून वर. टिकली येऊ द्या."

"येतेय. घाई करू नका."

टिकली आली. वर चार केससुद्धा आले. शैलाताईंनी चौकट बसवली, रिबीन थोडी बाजूला घेतली, मान तिरकी करून पाहिलं आणि दुसरा फोटो उघडला.

"हं," पडद्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "तुमचं डोकं मी आणते. तुम्ही ते मघाचं परत म्हणा."

"कोणतं?"

"ही कोण, पुण्याची आजी, ते. आणि जरा मोठ्यानं म्हणा. पोरीचं लक्ष खिडकीकडे जातंय."