बावीस पावलं

चार वाजले आणि राखाडी छत्रीवाली पुन्हा भावाच्या दुकानात शिरली. हा सलग पाचवा दिवस.

ताईने शिवणयंत्राचं चाक हाताने थांबवलं. यंत्र तिने खिडकीशीच मांडलं होतं. तिथून रस्त्यापलीकडचं घड्याळदुरुस्तीचं दुकान अख्खं दिसायचं. धाकटा भाऊ कधी मान वर करतो, कधी जांभई देतो, सगळं.

“आजही आली?” मास्तरीणबाईंनी विचारलं. त्या कोटाच्या मापासाठी हात पसरून उभ्या होत्या.

“आजही.”

“घड्याळ बिघडलं असेल बाईचं.”

“तिच्या मनगटावर घड्याळच नाही.”

मास्तरीणबाई हसल्या. “मग भाऊच बिघडला म्हणायचा. चाळिशी आली, बिघडू दे की एकदाचा.”

“हात खाली घ्या,” ताई म्हणाली आणि खांद्याचं माप लिहून घेतलं.

मास्तरीणबाईंची जीभ तिखट, मन साफ. निघताना दाराशी त्यांनी आपल्या चपला शोधल्या, शेजारच्या ताईच्या वहाणा पायाने बाजूला सारल्या आणि पायाच्या बोटाला लागलेली त्यांवरची धूळ झटकली. “लेकीच्या लग्नात सगळ्यांनी कपड्यांचं कौतुक केलं हो. शिवणारी तेवढी फिरकली नाही.”

“कामं होती.”

“कामं काय, सरणावर चढेपर्यंत असतात.”

त्या गेल्या. ताईने कडी लावली, ओढून पाहिली, पुन्हा एकदा ओढून पाहिली.

समोर दोघं दुकानाबाहेर आली. हसणं नाही, खिदळणं नाही. ताईला तेच खटकलं. प्रेमाचं प्रकरण असतं तर चेहरे असे कोरडे नसते. बाईच्या हातात वही होती. भाऊ तोंडातल्या तोंडात मोजत, सारख्या अंतराची पावलं टाकत रस्ता ओलांडू लागला. दिव्याच्या खांबाशी थांबला. तिथून थेट ताईच्या फाटकाशी आला. बाईने घराकडे पाहिलं, दाराकडे, पायऱ्यांकडे, आणि काहीतरी टिपलं.

भावाची नजर खिडकीकडे गेली. ताई दिसताच त्याने मान खाली घातली.

माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लागत नाही, हे ताईला कोणी शिकवायला नको होतं. घर आईने दोघांच्या नावावर केलं होतं. महिन्यापूर्वी कोणा दलालाने दाराखालून आपलं कार्ड सरकवलं होतं. भावाने ते फाडून टाकलं होतं खरं, पण फाडण्याआधी वाचलंही होतं.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, “कोण ती?”

“गिऱ्हाईक.”

“पाच दिवस?”

“जुनं घड्याळ आहे. वेळ लागतो.” बोलताना त्याने कानाची पाळी चोळली. लहानपणी खोटं बोलतानाही तो पाळीच चोळायचा. मग घास हातात धरून थांबला. “ताई, तुझ्याशी एक बोलायचं होतं.”

“बोल की.”

“उद्या बोलतो. भाजी मस्त झालीये.”

“मीठ घालायचं राहिलंय तिच्यात,” ताई म्हणाली.

भावाने मिठाचं भांडं पुढे ओढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊ आपला कोट बटण लावायला ठेवून गेला. सुई ओवायच्या आधी ताईने खिसे चाचपले. आतल्या खिशात काल बाईच्या हातात दिसलेली ती वही होती, मध्ये पेन्सिल खोचलेली. पेन्सिल होती तेच पान तिने उघडलं.

दार – २. पायऱ्या – ४. फाटक – ६. खांब – ८. दुकान – १०.

खाली भावाचं अक्षर: फाटकापासून दुकान, बावीस पावलं.

त्याखाली परकं, गोलसर अक्षर: ताईंची संमती मिळेपर्यंत पुढे काहीही करायचं नाही.

संमती. म्हणजे सही. ताईने ते पान तीनदा वाचलं. सख्खा भाऊ, रोज समोर बसून जेवणारा, आणि तिच्या डोक्यावरचं छप्पर तुकड्यातुकड्याने मोजतोय.

तिने वर पाहिलं. चार वाजले होते. दुकानाच्या काउंटरशी छत्रीवाली उभी होती आणि हात लांब करून याच घराकडे दाखवत होती.

कडी कधी काढली, ताईला कळलं नाही. कुठल्याशा गाडीचा भोंगा कानाशी वाजला, कोणीतरी ओरडलं. मग भिंतीभर टकटकणारी घड्याळं तिच्या समोर होती आणि काउंटरवर तिनेच आपटलेली वही.

“घर विकायचंय ना? मग तोंडावर सांग. मी सही देणार नाही. आईने मलाही दिलेली जागा आहे ती.”

भावाच्या हातातला चिमटा खाली पडला. तो तिच्या पायांकडे बघत होता. पाय अनवाणी होते, अंगठ्याला ठेच लागून रक्त आलं होतं.

छत्रीवालीने स्टूल सरकवलं. “घर कोणी विकत नाहीये, ताई. बसा. मी इस्पितळात, मानसोपचार विभागात समुपदेशक आहे. तुमच्याशी कसं बोलावं, हे विचारायला भाऊ माझ्याकडे आले होते.”

तिने वहीचं पहिलं पान उघडून पुढे केलं. अक्षर भावाचं होतं.

‘माझी ताई दोन वर्षं घराबाहेर पडलेली नाही. दार उघडलं की तिची छाती धडधडते, आता मरणार असं वाटतं. सुरुवातीलाच केलेल्या हृदयाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. विषय काढला की म्हणते, कामं आहेत.’

“आणि ते दार, पायऱ्यांपुढचे आकडे भीतीचे आहेत, दहापैकी,” बाई हलक्या आवाजात म्हणाली. “तुम्हाला एकेक टप्पा बाहेर पडता यावं म्हणून भाऊंनी अंदाजाने लिहिलेत. खरे तुम्हीच सांगायचे.”

ताईने मागे वळून पाहिलं. रस्त्यापलीकडे तिचं दार सताड उघडं होतं, फाटकही. बावीस पावलांवर. आणि आता कुठे तिची छाती धडधडायला लागली.

बाईने पेन्सिल तिच्यापुढे धरली. “दुकानात यायला त्यांनी दहा लिहिले होते, ते तुम्ही चालून आलात. परत जायला किती लिहायचे?”