मिठाचा कौल

करवंटीतल्या मिठाला आजही पाणी सुटलं होतं.

"पाय, पुन्हा वलं," धरमसिंग दाराशी बांधलेल्या शेळीला म्हणाला. "नाला भरन. आज कोणी कुठं जात नसते."

आत चुलीपुढं त्याची सून बिजलीबाई घुंगट ओढून बसली होती. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नसतं. मुलगा वणीकडं कोळशाच्या खाणीवर गेल्यापासून घरात तिसरं माणूस नव्हतं, म्हणून दोघांचं सगळं बोलणं शेळीमार्फत चाले. शेळी भरवशाची होती. सगळं ऐकायची, पदरचं काही घालायची नाही.

डोंगरापलीकडच्या तांड्यात उद्या बिजलीच्या धाकट्या बहिणीचं, लालीचं लग्न होतं. बैलांवर मीठ लादून लदेणीला हिंडायचे त्या काळी बंजाऱ्यांचे तांडे पावसाळ्यातच एका जागी थांबत, म्हणून लग्नंही पावसाळ्यात. बैल गेले, मिठाचा धंदा गेला. मुहूर्त तेवढा चिखलात राहिला. सासरी निघालेली नवरी एकेकीच्या गळ्यात पडून गात रडते, तो ढावलो. लालीला आई नव्हती. पहिला गळा बिजलीचाच हवा होता.

आणि आठवडाभर डोंगर कोणाला धड काही सांगत नव्हता. सकाळी ऊन, दुपारी माथ्यावर काळं, मध्येच एक सर, दिवस बुडता पुन्हा स्वच्छ. जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला तरी पावसाची मर्जी डोंगराकडंच राहिली होती. तिचा अर्थ लावायचा दाराच्या मेढीला, खांबाला, टांगलेल्या करवंटीतल्या धरमसिंगाच्या मिठाच्या खड्यानं. खडा नुसता दमट असला तर निघायचं, पाणी सुटलं तर थांबायचं. सुनेची त्याला काळजी होती, यात शंका नाही. माहेरी गेलेली सून पोळा झाल्याशिवाय परतत नाही आणि शेळी भाकरी थापत नाही, हेही त्याच्या हिशेबात होतं.

तेवढ्यात शाळेचे मारोतराव गुरुजी फुलसावंगीहून चालत आले आणि चहाला टेकले.

"काहून हो गुरुजी," धरमसिंगानं विचारलं, "हे आभाय रोज भरते, रोज पयते. याले काही कायदा हाय का नाही?"

"आहे ना. उन्हानं ओली जमीन तापते, वाफ वर चढते. डोंगर तिला आणखी वर ढकलतो. वर गारठा. तिथं वाफेचं पुन्हा पाणी होतं. म्हणून तुमच्याकडं दुपारीच भरून येतं. पण थेंब धरायला वाफेला टेकण लागतं. धुळीचा कण, नाहीतर समुद्रावरून आलेला मिठाचा कण."

"मीठ?" धरमसिंग ताठ बसला. "समुद्रावरचं मीठ इथं डोंगरावर? आणते कोण?"

"वारा."

"म्हंजे लदेणी चालूच हाय अजून!" म्हातारा खुशीत आला.

"गुरुजी, एक इचारू का?" आतून बिजलीचा आवाज आला. तिसरं माणूस मिळायची ती वाट बघत असावी. "त्या मेढीले दोन करवंट्या हायेत. एक जुनी, एक म्या काल सांजी टांगली. मीठ एकाच पोत्यातलं. जुनीत पाणी, नवीत नुसती वल. ढग अशी निवड करते का?"

गुरुजी कौतुकानं उठले. "होतं असं. पाऊस डोंगराच्या या अंगाला पडतो, त्या अंगाला..." बोलता बोलता त्यांना जुन्या करवंटीखाली सारवणावर पडलेला ओला डाग दिसला. मेढीला टेकवलेला पाण्याचा लोटा दिसला. "होतं असं," ते पुन्हा म्हणाले. या वेळी शेळीकडं बघून.

धरमसिंग डोंगराकडं पाहत राहिला. माथ्यावर ऊन होतं. दुपार व्हायला अजून अवकाश होता. त्यानं उठून दोन्ही करवंट्यांतले खडे काढले आणि मुठीत आवळले.

"गुरुजी, तिले सांगा. खडा कोरडा हाय. आभाय भरायच्या आत नाला वलांडून जाय म्हना."

गुरुजींनी तोंड उघडेपर्यंत बिजली गाठोडं घेऊन दारात आली होती. गाठोडं आठवडाभर बांधलेलंच होतं. धरमसिंगानं खुंटीवरची आपली घोंगडी ओढली आणि शेळीच्या पाठीवर टाकली. बिजलीनं ती तिथून उचलली, दुरूनच वाकली आणि चालायला लागली.

ती वळणाआड होईतो तो तसाच उभा होता. मूठ त्यानं उघडली नाही. बोटांच्या फटींतून पाणी गळत होतं. शेळीनं दावं ताणून मान लांब केली आणि ते चाटायला लागली.