चौथा गोंडा

प्रभंजनमामांनी शालीचा चौथा कोपरा उलटसुलट करून पाहिला. बाकीच्या तीन कोपऱ्यांना पांढऱ्या दोऱ्यांचे, गाठी मारलेले लांब गोंडे होते. चौथ्याला काहीच नव्हतं. उंदराचं काम, असं त्यांनी ठरवलं आणि पांढरा दोरा घेऊन नवा गोंडा वळायला बसले. तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला रिकामा कोपरा बघवत नाही.

केलगेरीच्या तळ्याकाठी, त्यांच्याच आमराईत, रविवारी त्यांचे मित्र अप्पा झिराडकर यांच्या मुलीचं, यायेलचं लग्न होतं. ज्यू लग्न कसं असतं हे धारवाडात कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाने सल्ला दिला. यायेलने तो कुणाचाच घेतला नाही. हॉल नको, प्लॅस्टिकची फुलं नको, सगळं आपल्या हातांनी. पत्रिकेचा कागदसुद्धा तिने घरी जुन्या चिंध्यांचा लगदा करून बनवला होता. तो इतका जाड झाला की निम्म्या नातेवाइकांनी त्यावर चहाचे कप ठेवले. जेवणात मटण असेल तर दुधाचं काही चालत नाही, म्हणजे पेढा नाही, हे कळल्यावर मात्र मंडळी हादरली. दोन दिवस विचार करून धारवाडने मटणावर पाणी सोडलं.

उरलं होतं छत. नवरानवरी उभी राहतात ते, चार काठ्यांवर ताणलेलं. ते अप्पांच्या प्रार्थनेच्या शालीचं करायचं, हे यायेलचं ठरलेलं होतं. अप्पा कोरोनात गेले. लग्नाला त्यांचं म्हणून एवढंच येणार होतं. शाल आईच्या ट्रंकेच्या तळाशी सापडली. आईला तिने सांगितलं नव्हतं. सरप्राइज द्यायचं होतं. शुक्रवारची संध्याकाळ जवळ येत होती. सूर्य मावळला की शब्बाथ, मग उद्या चांदण्या दिसेपर्यंत गाठ मारायची नाही, कात्री धरायची नाही. मंडपवाला मंजुनाथ शनिवार रात्रीपासून दुसऱ्या लग्नात अडकलेला. छत आजच चढायला हवं होतं.

रिवकाबाई, म्हणजे यायेलची आई, उणकलहून रिक्षाने आली ती मलिद्याचे, म्हणजे लग्नाआधीच्या नैवेद्याचे, पोहे आणि नारळ घेऊन. तिने पिशव्या खाली ठेवल्या. शाल पाहिली. मग गोंडा पाहिला. मामा कौतुकाची वाट बघत हसले.

तिने टोपलीतली कात्री उचलली, नवा गोंडा कापला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

“भावजी, तो मीच कापला होता.”

मग तिने सांगितलं, पोहे निवडावेत तसं, एकेक शब्द बाजूला करत. माणूस गेला की त्याच्या शालीचा एक गोंडा कापतात. आता ह्याची प्रार्थना संपली. मग ती शाल पांघरूनच त्याला पुरतात. त्या दिवशी तिने घरी गोंडा कापला आणि शाल घेऊन हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. निळ्या पोशाखातला माणूस म्हणाला, कापड आत नेता येणार नाही. ती पाया पडली. शेवटी त्याने नुसता गोंडा घेतला. हातात देतो त्यांच्या, म्हणाला. दिला का, कोण जाणे. शाल घेऊन ती परत आली.

यायेलने मुंबईच्या हजानना, लग्नाच्या प्रार्थना म्हणणार होते त्यांना, फोन लावला. त्यांचं म्हणणं असं, की ही शाल आता प्रार्थनेला चालणार नाही, छताला मात्र कुठलंही कापड चालतं, बाकी घरच्यांनी बघावं. पेढे पक्के आहेत ना, एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

“हे त्यांचं पांघरूण आहे,” रिवकाबाई म्हणाली. “त्यांच्या अंगावरचं काढून तू डोक्यावर धरणार?”

“अंगावर गेलंच कुठे, आई?”

मामा हातातला गोंडा फार लक्ष देऊन पाहू लागले.

यायेल शालीपाशी खाली बसली. तुटलेल्या कोपऱ्यावरून तिने बोट फिरवलं.

“म्हणजे ह्याचं एक टोक अप्पांच्या हातात आहे.”

“तेच सांगतेय ना. रोज ओढतात.”

हे ती पाण्याची वेळ सांगावी तसं म्हणाली. ट्रंक पलंगाखाली सारून ठेवते, सकाळी ती दाराकडे आलेली असते. बिल्डर म्हणाला, फरशीला उतार आहे. असेल. तिने त्यावर कधी वाद घातला नव्हता. पण पहिल्याच दिवशी पुरायची शाल इतकी वर्षं घरात ठेवून घेतली ती तिने, आणि आता पोरीच्या लग्नात ती वर चढली तर तो माणूस तिकडे कायमचा उघडा राहील, एवढंच तिला म्हणायचं होतं.

“धरू देत की मग त्यांना ते टोक,” यायेल म्हणाली. “रविवारी सगळेच धरणार आहेत काही ना काही.”

ऊन तळ्याच्या पलीकडच्या काठावर गेलं होतं. मंजुनाथ शिडीला टेकून कधीचा उभा होता. “लगू हेळ्री, अक्का,” तो म्हणाला. त्याला लवकर काय ते हवं होतं.

रिवकाबाईने शालीच्या घड्या उलगडल्या, झटकल्या आणि एक टोक नाकाशी धरलं. मग कन्नडमध्ये त्याला म्हणाली, चढव.

शाल वर गेली. वारा नव्हता, तळ्यावर सुरकुतीसुद्धा नव्हती. मंजुनाथने एक दोरी आवळली, दुसरी आवळली, तिसरी आवळली. चौथ्या, गोंडा नसलेल्या कोपऱ्यापाशी गेला, दोरीला हात घातला आणि काढून घेतला.

ती अगोदरच ताणलेली होती.