गुरुवारची नोंद

स्क्रीनवर तीच ओळ दुसऱ्यांदा दिसली तेव्हा अजिंक्यने केबिनचं दार लोटून घेतलं.

'गंभीर. निलेश. पूर्ण कोड बाहेर पाठवला. गुरुवार, दुपारी १:२५.'

मागच्या गुरुवारीही हीच ओळ होती, मिनिटसुद्धा तेच. तेव्हा त्याने काहीतरी गडबड असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता सोडून द्यायला जागा उरली नाही. इतकं वेळेवर माणूस ठरवूनच करतो.

अजिंक्यच्या सहा माणसांच्या कंपनीने आजवर एकच वस्तू बनवली होती, लॉग म्हणजे नोंदी लिहिणारी, तयार कोडची लायब्ररी. कुठल्याही प्रोग्रॅमला जोडा, कोणी कधी काय केलं ते ती आपणहून लिहून ठेवते. ऑफिसातल्या सगळ्या मशीनांनाही तीच जोडलेली होती. तीन वर्षांची मेहनत महिनाअखेर बाजारात यायची होती. त्याआधी तो कोड बाहेर गेला तर कंपनीला टाळं.

चोर आपलं नाव लिहून जात नाही, हे खरं. पण इथे चोराने लिहिलंच नव्हतं, लायब्ररीने लिहिलं होतं. ती अजिंक्यने स्वतः घडवलेली. आपलं पोर खोटं बोलतं असं कुठल्या बापाला वाटतं?

निलेश कंपनीतला पहिला माणूस, त्याचा शाळेपासूनचा मित्र. मुंबईची नोकरी सोडून अजिंक्यच्या शब्दावर आला होता. रोज लांज्याहून एसटीने यायचा. बायकोला नववा महिना चालू होता.

अजिंक्यने कोणाला काही सांगितलं नाही. बोभाटा झाला की चोर सावध होतो. त्याने फक्त बघायला सुरुवात केली आणि एकदा बघायला लागल्यावर काय, सगळंच दिसायला लागतं. निलेश फोन आला की गॅलरीत जातो. अजिंक्य जवळून गेला की आवाज खाली आणतो. जेवायला बाहेर जाताना लॅपटॉपची बॅग खांद्याला लावूनच जातो.

त्याने सुमेधाला बोलावलं. सुमेधा लायब्ररीची माहितीपुस्तिका लिहीत होती. एकेका फंक्शनला एकेक पान, ते काय करतं, कसं वापरायचं आणि खाली एक उदाहरण.

"कुठवर आलं?"

"वीस पानं झाली, दादा. उदाहरणं चालवून बघितल्याशिवाय मी पान पुढे पाठवत नाही, म्हणून वेळ लागतो. तुम्ही वाचलीत ना?"

"वाचली," अजिंक्य म्हणाला. त्याने एकही वाचलं नव्हतं. पान आलं की 'मंजूर'वर बोट ठेवायचं, एवढंच. बागायतदाराला आंबा कसा चोखायचा हे कोणी लिहून देतं का!

"गुरुवारी दुपारी ऑफिसात कोण कोण असतं गो?"

"सगळीच. एक निलेशदादा सोडून." तिने जरा रोखून बघितलं. "का हो?"

"सहज."

ती परत आपल्या पानांकडे गेली.

संध्याकाळी त्याने निलेशला जिन्यात गाठलं.

"गुरुवारी जेवायला कुठे जातोस रे?"

"आनंदीबाईंच्या खानावळीत. तूच नियम केलायस ना, गुरुवारी ऑफिसात मासळीचा डबा नको म्हणून? मग बांगडा खायला जातो मेल्या." निलेश हसला. "का रे?"

"एकटाच?"

"बांगड्याला सोबत कशाला लागते?"

खानावळ चालत दहा मिनिटांवर. जाऊन आनंदीबाईंना विचारता आलं असतं. अजिंक्य दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावरून परत फिरला. लेखी पुरावा हातात असताना खानावळीत जाऊन चौकशी करायची, त्याला लाज वाटली. आणि तिकडे जाऊन तरी काय? माणसं एकमेकांना सांभाळून घेतात. लॉग घेत नाही.

बुधवारी सकाळी त्याने निलेशला केबिनमध्ये घेतलं. ओळ दाखवली नाही. पुरावा दाखवला की माणूस पळवाट शोधतो, असं त्याने कुठेसं ऐकलं होतं.

"तुला जावं लागेल," तो म्हणाला. "का, ते तुला माहीत आहे."

"मला नाही माहीत."

"विचार करून बघ."

निलेशने खरंच विचार केला, निदान तसा दिसला तरी. मग म्हणाला, "अज्या, आठ दिवसांवर बाळंतपण आलंय. चेष्टा करत असशील तर आत्ताच सांग."

अजिंक्यने खिडकीकडे तोंड फिरवलं. निलेशने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, लॅपटॉप ठेवला. बॅगेत उरला डबा आणि दवाखान्याची फाइल. दारात तो थांबला. "वाईट याचं वाटतं की तू विचारलंसही नाहीस," म्हणाला आणि गेला.

अजिंक्यला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा रागही आला. चोर तो, आणि अपराधी मी? दिवसभर तो केबिनचं दार लावून बसला.

गुरुवारी सकाळी तो सुमेधाच्या टेबलापाशी आला. "निलेश सोडून गेला. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्याचं नाव आहे ना, काढून टाक."

सुमेधाचा चेहरा उतरला. "असा अचानक?" पण अजिंक्यचा चेहरा बघून तिने पुढचं गिळलं. "काढते. आणि सतराव्या पानावरचं?"

"तिथे कशाला त्याचं नाव?"

"गंभीर नोंद कशी लिहायची त्याचं उदाहरण आहे ना, दादा. 'निलेश. पूर्ण कोड बाहेर पाठवला.' तुम्हीच मंजूर केलंत की. मशीन दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सगळी उदाहरणं चालवून बघतं. नाव नाही काढलं तर आजसुद्धा ती ओळ लॉगमध्ये उमटेल."

अजिंक्यने सतरावं पान उघडलं; ओळ तीच होती, खाली 'मंजूर'ही त्याचंच.

"मी आधी दुसरंच नाव घालत होते," सुमेधा म्हणाली. "निलेशदादाच म्हणाला, माझं घाल. दुसऱ्या कोणाचं दिसलं तर अज्या उगाच डोक्यात घेईल, माझ्यावर तो कधी संशय घ्यायचा नाही."