फूल आढळले नाही

शिडीच्या सहाव्या पायरीवर उभं राहून घड्याळवाले काका कळ्या खुडत होते. दहा वाजून गेले होते. पाहणीवाल्या बाई अकराला येणार होत्या, आणि त्यांना कधी उशीर झाल्याचं काकांना आठवत नव्हतं. डाव्या हाताने फांदी वाकवायची, उजव्या हातातल्या चिमट्याने कळी देठापासून उचलायची, कमरेच्या पिशवीत टाकायची. याच चिमट्याने त्यांनी चाळीस वर्षं घड्याळांतले तिळाहून बारीक स्क्रू उचलले होते. बहात्तराव्या वर्षी शिडीवर चढू नये एवढी अक्कल त्यांना होती. पण आज झाडाचा निकाल लागता कामा नव्हता.

अंगणातलं ते झाड संशयित होतं. बाहेरच्या मुलखातून आलेली एक जात शहरभर पसरली होती. बोट दिलं की हात धरणारी. ती जिथे रुजेल तिथे दुसरं काही उगवू द्यायची नाही, म्हणून सरकारी माणसं ती दिसेल तिथून उपटून काढत होती. पंचाईत अशी की इथलंच एक साधं, गरीब झाड हुबेहूब तिच्यासारखं दिसायचं. तीच पानं, तीच साल. फरक फक्त फुलाच्या आत. त्यामुळे कार्यालयाचा नियम होता : फूल चिरून पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. फूल नसेल तर ‘फूल आढळले नाही’ असा शेरा मारायचा आणि पुढच्या बहराला पुन्हा यायचं. वर्षाला दोन बहर. काकांच्या झाडाला तीन वर्षांत असे सहा शेरे मिळाले होते.

झाड गेलेल्या काकूंनी लावलेलं, म्हाताऱ्याचा जीव त्यात अडकलाय, असं गल्लीत बोलायचे. काकांना विचारायला मात्र कुणी आलं नाही. मुलगी लांबच्या शहरात होती. रविवारी फोन करून ती “बाबा, गोळ्या घेतल्या ना?” एवढं विचारायची. काका “हो” म्हणायचे, की झाला रविवार. दुकान बंद केल्यापासून बंद पडलेलं घड्याळ घेऊनसुद्धा कुणी दारात येत नव्हतं. दुपारी घर खायला उठायचं.

बरोबर अकराला बाई आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, हातात लांब आकडी. काकांनी टेबल पुसून दोन कप मांडून ठेवले होते. शेऱ्याचा फॉर्म चार पानी असायचा. उंची, घेर, सावली, आसपासची झाडं. तो भरता भरता दोनदा चहा व्हायचा. बाई आपल्या गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगायच्या, काका भिंतीवरच्या घड्याळांची कुळकथा. तासभर कसा जायचा ते कळायचं नाही.

“याही खेपेला नाहीच वाटतं,” काका म्हणाले. आवाजात जमेल तेवढी हळहळ आणली.

“नाही कसं? तो काय घोस, शेंड्याला!”

काकांनी मान वर केली, डोळे बारीक केले. त्यांना नुसतं हिरवं दिसलं. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस तो. नाकासमोरचा केस दिसायचा, शेंड्यावरचा घोस नाही. बाईंनी आकडी वर घातली आणि घोस ओढून काढला. एक फूल ब्लेडने उभं चिरलं, भिंगाखाली धरलं, मग दुसरं चिरलं. काका खुर्चीत बसले.

“काका, झाड आपलंच आहे हो! इथलंच. आता कुणी हात लावणार नाही त्याला.”

निकालाचा फॉर्म एका ओळीचा होता. बाईंनी तो उभ्या उभ्या भरला. खोडावरचा क्रमांकाचा पत्रा उचकटून पिशवीत टाकला. चहाला नको म्हणाल्या, अजून चार घरं व्हायची होती. काकांना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ते बाईंच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले.

“म्हणजे आता तुम्हाला यायचं काम नाही?”

“नाही. गेली माझी कटकट एकदाची! सुटलात.”

काकांनी फाटक उघडलं, पण हात कडीवरच ठेवला.

“बाई, ते दुसरं झाड असतं ना, बाहेरचं... त्याचं रोप कुठे मिळतं?”

“काहीतरीच काय काका! बंदी आहे त्याला. कुणाच्या अंगणात एक जरी निघालं तरी मुळासकट काढतो आम्ही. आणि तेवढ्यावर भागत नाही. पुन्हा फुटतं मेलं. पुढची पाच वर्षं दर महिन्याला येऊन बघावं लागतं मला.”

“दर महिन्याला?”

“दर महिन्याला. वैताग आहे नुसता.”

काकांनी सदऱ्याच्या खिशातून पेन्सिल काढली आणि त्यांच्यापुढे धरली.

“नाव जरा नीट लिहून द्या. चुकून इथलंच रोप गळ्यात पडायला नको.”